वाटणीतली फुलदाणी

घरातलं माणूस गेलं की तेराव्यानंतर किंवा चाळिसाव्यानंतर एक विषय निघतोच. कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतं, "सगळे जमलाच आहात, तर वारसनोंदीचं काय ते बघून टाकू." या एका वाक्याभोवती ऑलिव्हिए असायास या फ्रेंच दिग्दर्शकानं २००८ मध्ये एक चित्रपट काढला. इंग्रजीत त्याचं नाव 'समर अवर्स'. आम्ही हातकणंगल्याची माणसं सिनेमासाठी इचलकरंजी नाहीतर कोल्हापूर गाठणारी. तिथं हा लागला, तर पहिल्या खेळाला किती खुर्च्या भरतील, सांगवत नाही. मी तो मित्राच्या घरी, पडद्याखालची इंग्रजी वाक्यं वाचत पाहिला. भाषा फ्रेंच होती, पण गोष्ट आपल्या चावडीतली निघाली.

पॅरिसजवळच्या एका गावात एलेन नावाची पंचाहत्तरीची बाई राहते. तिचा काका मोठा चित्रकार होता. त्याचं घर आणि त्यानं जमवलेल्या वस्तू तिनं जपल्या आहेत. थोरला मुलगा पॅरिसात, मुलगी न्यूयॉर्कला, धाकटा चीनमध्ये बुटांच्या कंपनीत. वाढदिवसाला सगळी गोळा होतात, तेव्हा आई थोरल्याला बाजूला घेऊन कुठली वस्तू काय मोलाची ते सांगू लागते. त्याला ते ऐकायचं नसतं. पुढं आई जाते. तिचं मरण पडद्यावर दाखवलेलंच नाही. थोरला गृहीत धरून बसलेला असतो, की घर राहणार. धाकटी दोघं हलक्या आवाजात सांगतात, आम्ही आता इकडं फारसे येणार नाही, घर विकू या. कुणी ओरडत नाही, कुणी कोर्टाची भाषा करत नाही. म्हणून तर ते जास्त लागतं. आपल्याकडं महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वडिलांच्या तेराव्याला जमलेली भावंडं आठवा. तिथं बोलणी तिखट आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, पण दुखणं तेच.

या मंडळींना भांडावं लागत नाही, त्याला कायद्याचाही हातभार आहे. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून फ्रान्समध्ये मुलगा-मुलगी असा भेद वाटणीत नाही. तीन मुलं असतील, तर आईबापाला मृत्युपत्रानं फक्त पाव मिळकत मनासारखी देता येते. बाकीची मुलांत सारखी. वर वारसाकर आहेच. मात्र १९६८ च्या कायद्यानं तो कर मोलाच्या कलावस्तू सरकारला देऊनही भागवता येतो. पॅरिसचं पिकासो संग्रहालय १९८५ मध्ये उघडलं, ते अशाच वस्तूंवर. आपण त्याच १९८५ साली इस्टेट ड्युटी रद्द केली. त्यामुळं आपल्याकडं वाटणीत सरकारची भीती उरली नाही, भावाबहिणींची तेवढी राहिली!

तर चित्रपटातल्या वस्तू अशा ओर्से संग्रहालयात जातात. ही इमारत पूर्वी रेल्वे स्टेशन होती. घरात ज्या टेबलावर कागद पसरलेले असायचे, ते तिथं दोरीपलीकडं उभं राहतं आणि थोरला ते अनोळखी माणसासारखा बघत राहतो. पण मला रुतून बसली ती म्हातारी मोलकरीण, एलोईज. थोरला तिला म्हणतो, आठवण म्हणून काहीतरी घे. ती एक साधीशी फुलदाणी उचलते. भारी वस्तू घेऊन गैरफायदा कशाला, असं तिला वाटतं. खरं तर तीही मोलाची असते. तिला ठाऊक नाही, ती आपली त्यात फुलं ठेवणार. साऱ्या वाटणीत तेवढीच वस्तू वापरात राहिली.

ती फुलदाणी बघताना मला आपाचं पानदान दिसलं.

हिंदू घरांत वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, तोही फक्त लग्न न झालेल्यांना, दिला. देशभर तो सर्वच मुलींना २००५ मध्ये मिळाला. आमच्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण शतकानुशतकं ठरलेला. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापलीकडं कुणाला हलवता येत नाही. म्हणजे कायदे निरनिराळे. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेल्या बहिणी बघाल, तर कुठली कुठल्या धर्माची ओळखू येणार नाही. सगळ्या हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या.

आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. अम्मीच्या मागं घरात आपाचा पाचवा हिस्सा होता. तिनं सही केली. "मला काय करायचंय भैया, माहेर उघडं राहिलं म्हणजे झालं," म्हणाली आणि अम्मीचं पितळी पानदान पिशवीत घालून एसटीत बसली. आता त्यात ती रक्तदाबाच्या गोळ्या ठेवते. कविता लिहिणाऱ्या माणसाला तेव्हा यात काही खटकलं नाही. उलट बहिणीच्या मोठ्या मनावर मी चार ओळी लिहिल्या, त्या वाहवाही घेऊन गेल्या.

चित्रपट पाहून झाल्यावर आपाला फोन लावला आणि गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "मग त्या बहिणीनं सही दिली का?"

"दिली. घर विकायला. पैशात तिचा सारखा वाटा होता."

थोडा वेळ पलीकडून फक्त मिक्सरचा आवाज येत राहिला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "रविवारी ये जेवायला. येताना तो कागद घेऊन ये."