काचेतला समुद्र

मुंबईच्या किनाऱ्यावर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मी बालपणी पाहिले. खाऱ्या पाण्यातील ते रंगीत मासे मनात घर करून राहिले. पुढे नोकरीनिमित्त दुर्गच्या पद्मनाभपुरात, सागरापासून शेकडो किलोमीटरवर वास्तव्य घडले, आणि तेथेच बैठकीच्या खोलीत मी शंभर लिटरांचा एक समुद्र मांडला.

आरंभीच माझ्या हातून एक अपराध घडला. पेटीत थोडे शेवाळ दिसताच वाळू, दगड, फिल्टर सारे मी नळाखाली स्वच्छ धुतले आणि नवे खारे पाणी भरले. पाणी स्फटिकासारखे दिसत होते. पाचव्या दिवशी दोन्ही मासे मेले.

दोष कोठे होता? माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. परंतु अल्प प्रमाणातही मारक ठरतो. वाळूवर व दगडांवर राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने मी मळाबरोबर हे सेवकही नष्ट केले होते.

दुसरे पथ्य क्षारांचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; म्हणजे माझ्या पेटीत साडेतीन किलो. आमच्याकडील वैशाखात पाणी झपाट्याने आटते. क्षार मात्र मागेच राहतात. दहा लिटर पाणी आटले की तेच प्रमाण ३९ ग्रॅमच्या घरात जाते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर क्लोरिन काढलेल्या गोड्या पाण्यानेच करावी. उष्ण पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. यास्तव तापमान २५-२६ अंशांच्या आसपास राखावे.

नायट्रेट हळूहळू साचतो, तेव्हा दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे. नव्या पाण्यात सागरी क्षार, स्वयंपाकाचे मीठ नव्हे, आदल्या दिवशीच विरघळवून ठेवावेत. फिल्टर धुणे झाल्यास पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. अमोनियाची परीक्षा मात्र डोळ्यांवर न सोपवता चाचणीच्या थेंबांनी करावी.

समुद्र अफाट आहे, म्हणून पुष्कळ काही पचवतो. शंभर लिटरांची ती ऐपत नाही. माझ्या पेटीत आज पुन्हा दोन मासे आहेत. दगडांवर थोडे शेवाळही आहे; ते मी राहू दिले आहे.