काटा घसरतो तेव्हा

जगभरची कितीतरी हलकी विमानं ऑस्ट्रियातल्या रोटॅक्स ९१२ इंजिनावर उडतात. त्याला पेट्रोलचा दाब किमान ०.१५ बार लागतो. हवेच्या दाबाचा जेमतेम सातवा हिस्सा. आकाशात काटा त्याखाली घसरला, तर विजेवरचा जादा पंप चालू करावा, जवळची धावपट्टी गाठावी.

उतरल्यावर पहिला संशय काट्यावरच. वायर ढिली असेल, सेन्सर बिघडला असेल. खात्रीचा दुसरा गेज लावून पाहावा. तोही कमीच दाखवत असेल, तर टाकीकडून पंपाकडे यावं: हवेचं भोक बुजलंय? गाळणीत कचरा? नळी दबलीय? उन्हानं पेट्रोलची वाफ अडकलीय? शेवटी पंप.

काटा कधी खोटंही बोलतो. पण तपासण्याआधी त्याला खोटं ठरवून उडू नये.