सहकाऱ्याचं सुतक नसतं

भावकीतला माणूस गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मातीला जायचं, तिसऱ्या दिवशी सावडायला, मग दहावा, तेरावा. मधल्या काळात सुतक. बारामती एमआयडीसीत वीस वर्षं शेजारच्या मशिनवर उभा राहिलेला माणूस गेला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा नेहमीच्याच वेळी होतो. घरच्यांपेक्षा जास्त जागेपणीचे तास ज्याच्यासोबत गेले, त्याच्यासाठी ना सुतक, ना रजा.

या दुःखाला नाव आहे

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखाची मांडणी केली: ज्यावर रडायचा हक्क समाज देत नाही, ते दुःख. ‘तुझा कोण लागत होता?’ या प्रश्नाला ‘कामावरचा’ एवढंच उत्तर असेल, तर विचारणारा मान हलवून दुसऱ्या विषयाकडे वळतो. दुःख तेवढंच राहतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. म्हणून ते चिडचिड, झोपमोड, कामात मन न लागणं अशा वाटांनी बाहेर पडतं.

एमआयडीसीत ते वेगळं का वाटतं

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरसारख्या जुन्या कारखाना-वसाहतीत सहकारी हाच शेजारी असायचा. कुणी गेलं तर अख्खी चाळ दारात उभी राहायची. एमआयडीसीतला कामगार मात्र काटेवाडी, सणसर, लासुर्णे अशा गावांहून मोटारसायकलने किंवा कंपनीच्या बसने येतो. ज्याच्या डब्यातली भाजी ओळखता येते, त्याचं घर पहिल्यांदा दिसतं ते मातीला गेल्यावर. तिथे त्याची बायको आपल्याला ओळखत नाही, पोरं फक्त आडनाव ऐकून असतात.

त्यात वयाचा भाग आहे. 1999 च्या सुमारास इथे पियाजिओची आपे रिक्षा बनू लागली, तेव्हा बाविशीत नोकरीला लागलेली पोरं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. एकाच वेळी भरती झालेली माणसं एकाच वेळी म्हातारी होतात, आणि मातीला जायचे प्रसंगही जवळजवळ येऊ लागतात. कोविडमध्ये, 2020-21 साली, अंत्यविधीला 20 माणसांचीच परवानगी होती. त्या काळात गेलेल्या कित्येकांना त्यांच्या पाळीतल्या सोबत्यांनी शेवटचं पाहिलंच नाही. तो निरोप अजून अडकलेला आहे.

शोक कसा चालतो

शोकाचे पाच टप्पे असतात, असं आपण ऐकतो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले, पण मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने पार करायचे असतात, असा काही नियम नाही. 1999 मध्ये मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी मांडलेलं चित्र आपल्या अनुभवाशी जास्त जुळतं. माणूस दुःखाकडे जातो, पुन्हा रोजच्या कामाकडे येतो, पुन्हा तिकडे जातो. म्हणून सकाळी कँटीनमध्ये हसणारा माणूस दुपारी रिकामा लॉकर पाहून गप्प झाला, तर त्यात खोटं काही नाही.

शॉपमध्ये काय करावं

• बातमी फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पाळी सुरू होताना सुपरवायझरने तोंडाने सांगावी, दोन मिनिटं सगळ्यांनी उभं राहावं.
• पहिले काही दिवस जवळच्या सोबत्याला प्रेस, भट्टी, क्रेन यांवर एकटं ठेवू नका. मन ठिकाणावर नसलं की हात चुकतो.
• लॉकर लगेच रिकामा करू नका. तो घरच्यांसमोर किंवा जवळच्या मित्राच्या हातून उघडावा.
• सावडायला किंवा दहाव्याला जाता यावं म्हणून पाळी बदलून द्या. कुणाच्या तरी जागी उभं राहणं हीसुद्धा श्रद्धांजलीच.

घरच्यांसाठी कागदपत्रं

वर्गणी सगळेच काढतात. त्याहून मोठी मदत म्हणजे कागद पुरे करून देणं, कारण कंपनीतली वाट सोबत्यालाच ठाऊक असते. पीएफ खात्याला जोडलेल्या विम्यातून वारसाला 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. निवृत्तिवेतन योजनेचा सभासद नोकरीत असताना गेला, तर पत्नीला आणि 25 वर्षांखालच्या दोन मुलांना पेन्शन मिळू शकतं. ग्रॅच्युइटीसाठीची पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. ईएसआय लागू असेल तर अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत खर्च मिळतो. मृत्यू कामावरच्या दुखापतीने झाला असेल तर अवलंबितांना दरमहा रक्कमही मिळते.

आणि आजच एक काम करा: स्वतःचं पीएफचं ऑनलाइन नॉमिनेशन भरलंय का, ते तपासा.

मदत कधी घ्यावी

सहा महिन्यांहून जास्त काळ रोजचं जगणंच अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो उपचार लागणारा आजार असू शकतो. दारू वाढली, जगावंसं वाटेना, तर सहा महिने थांबूच नका. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

आठवणीला जागा

दुःख वर्षाने परत येतं, बहुधा ठरावीक दिवशी. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे निघते तेव्हा, किंवा खंडेनवमीला मशिनला झेंडूचा हार घालताना. त्या दिवशी नव्या पोराला मशिनची एखादी खोड समजावताना ‘ही तात्यांनी शोधून काढली होती’ एवढं नाव घेऊन सांगा. घरात पितरांचं नाव पिंडाला घेतात. कामावरच्या माणसाचं नाव कामातच घ्यावं लागतं.