कपड्याचा हूक आणि नळीचा पट्टा
कल्पनेची मालकी : भाग ७

शोध नवा आहे, एवढ्यावर पेटंट मिळत नाही, हे गेल्या भागात आले होते. त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला तो सहज सुचला असता का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेच्या १९५२ च्या पेटंट कायद्यातले कलम १०३ तो विचारते. आपल्या कायद्यातही कलम २(१)(जेए) हेच पाहते.

या प्रश्नाची सर्वांत स्वच्छ उकल मला हान्स ओटिकर यांच्या अपिलात सापडते. ओटिकर यांचा होज क्लॅम्प म्हणजे रबरी नळी घट्ट आवळणारा धातूचा पट्टा. कारखान्यात तो नळीवर बसेपर्यंत जुळलेल्या स्थितीत राहावा, म्हणून त्यांनी त्याला एक हूक जोडला. पट्टा आवळला की हा हूक आपोआप सुटतो, कारण त्याचे काम तोवर झालेले असते.

अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने अर्ज फेटाळला. पुरावे दोन: ओटिकर यांचाच जुना क्लॅम्प आणि कपड्यांसाठी केलेल्या प्लॅस्टिकच्या हूक-कडीचे एक पेटंट. कपड्यांना हूक असतातच, तेव्हा क्लॅम्पची अडचण सोडवणारा माणूस तिकडे वळणारच, असे त्याचे म्हणणे. अपील मंडळाने कारण बदलले, निकाल तोच ठेवला: हूक अडकवण्याचे प्रश्न सगळीकडे सारखेच.

हे ऐकायला पटते, आणि धोका तिथेच आहे. ओटिकर यांचे उत्तर समोर ठेवून मागे पाहिले की शिंप्याच्या डब्यातला हूकही पुरावा वाटू लागतो. पण उत्तर माहीत नसताना क्लॅम्पचा कारागीर कपड्यांची पेटंटे कशासाठी चाळेल? १९९२ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने नेमके हेच विचारले. न्यायमूर्ती पॉलिन न्यूमन यांनी निकालपत्रात म्हटले, की असा कारागीर कपड्यांच्या बंदांकडे वळला असता हे सिद्धच झालेले नाही. परक्या क्षेत्रांतले तुकडे जोडून पश्चातबुद्धीने शोध पुन्हा उभा करणे पुरेसे नाही. नकार रद्द झाला.

मला यातला पुराव्याच्या भाराचा भाग अधिक मोलाचा वाटतो. शोध सहज सुचण्याजोगा आहे, हे प्रथमदर्शनी दाखवण्याची जबाबदारी पेटंट कार्यालयाची. ते जमले, तरच अर्जदाराने उत्तर द्यायचे. एकट्या संशोधकाला यापेक्षा मोठा आधार नाही.

पुढे २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केएसआर खटल्यात सहज सुचण्याची ही कसोटी अर्जदारासाठी अधिक कठीण केली. सामान्य जाणकारालाही थोडी कल्पकता असते आणि ओळखीच्या वस्तू तो मूळ उपयोगापलीकडेही वापरू शकतो, असे ते न्यायालय म्हणाले. त्यामुळे ओटिकर निकालाचा आधार घेणाऱ्या अर्जदाराला आता अधिक तयारीने उभे राहावे लागते. तो खटला होता मोटारीच्या पेडलचा. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.