धाप एकच, आजार दोनशे

जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही. एक्स-रेमध्ये पांढुरक्या रेषा दिसतात आणि टीबीची औषधं सुरू होतात. टीबी घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात हा संशय आधी येणारच. पण गुण येत नसतानाही औषधं चालूच राहिली, तर गेलेले महिने फुफ्फुसाला परत मिळत नाहीत.

फुफ्फुसातले वायुकोश आणि त्यांना लगडलेल्या केशवाहिन्या यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. तो सुजून जाड आणि कडक झाला की प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही. या पडद्याच्या दोनशेहून अधिक आजारांना मिळून इंटरस्टिशियल लंग डिसीज, अर्थात आयएलडी म्हणतात. कुणाला तो संधिवातातून होतो, कुणाला एखाद्या औषधातून, कुणाला दगडाच्या धुळीतून. इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, अर्थात आयपीएफ या प्रकारात तर कारणच सापडत नाही.

१९६९ साली अमेरिकेत लीबो आणि कॅरिंग्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहून या आजारांची पहिली ठळक वर्गवारी केली. अडचण अशी, की व्रणांची मधाच्या पोळ्यासारखी तीच जाळी आयपीएफमध्ये दिसते, संधिवातात दिसते आणि जुन्या ॲलर्जीतही दिसते. म्हणून आज छातीविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निदान ठरवतात. गरज पडली तर संधिवाततज्ज्ञालाही बोलावतात.

एवढा खटाटोप हवाच, कारण प्रकारानुसार औषध बदलतं. स्टेरॉइडने काही प्रकारांत आराम पडतो. पण स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिलेल्या आयपीएफच्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दिसलं.

भारतातल्या २७ केंद्रांमधील १०८४ रुग्णांची नोंदवही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आयपीएफ जेमतेम १४ टक्के. जवळजवळ निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशीची किंवा पक्ष्यांच्या विष्ठा-पिसांची ॲलर्जी होती. त्यातल्या अनेकांच्या घरी एअर कूलर होता. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद पेटला तेव्हा या आजाराचं नाव घरोघरी पोचलं. घरात कूलर आहे का, खिडकीशी कबुतरं बसतात का, काम कसलं करता, हे विचारायला पैसे लागत नाहीत. गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच राहून जातं, आणि मला ते फार लागतं.

सगळं करूनही काहींच्या फाइलवर ‘वर्गीकरण शक्य नाही’ असंच लिहावं लागतं. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तसा गटच आहे. अशा वेळी दर काही महिन्यांनी फुफ्फुसाची क्षमता मोजून आजाराची चाल पाहिली जाते. व्रण, म्हणजे फायब्रोसिस, वाढत असेल तर निंटेडॅनिब हे औषध देता येतं; मूळ आजार कोणताही असो, वाढत्या फायब्रोसिसवर ते वापरायला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.