आजोबांचे २६, बाबांचे ३०, तुमचे ३६

मुलांनो, आज घरी एक गंमत करून बघा. रात्री सगळे जेवायला बसले की हळूच विचारा, "महाराष्ट्रात जिल्हे किती?" आजोबा लगेच म्हणतील, २६. बाबा म्हणतील ३०, नाहीतर ३१. धाकटा काका म्हणेल ३५. आणि तुम्ही ऐटीत सांगाल, ३६!

झालं भांडण सुरू! पण सांगा बरं, यात चुकलं कोण?

कुणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या वेळचं बरोबर उत्तर पाठ केलं होतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. १९८१ मध्ये जालना आणि सिंधुदुर्ग झाले, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली. झाले ३०. १९९० मध्ये मुंबई उपनगर वेगळा निघाला. १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये गोंदिया आणि हिंगोली, आणि २०१४ मध्ये पालघर. करा बेरीज.

आता पुढचा प्रश्न विचारा, म्हणजे जेवण लांबेल. "हे जिल्हे वाढले कशाला?" इथे मात्र पुष्कळजण गप्प होतील. पालघरचंच घ्या. आधी तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा अख्ख्या देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला, एक कोटी दहा लाखांच्या वर माणसं! जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत एक काम असलं तर थेट ठाणे शहर गाठावं लागायचं. एका कागदासाठी एक दिवस, आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची ती वेगळीच. ३६ या आकड्यात ही एस.टी.ची खेप दडलेली आहे. ती दिसली की आकडा विसरायला होत नाही.

सामान्य ज्ञान, म्हणजे तुमच्या भाषेत जी.के., म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एक पातळ पुस्तक येतं. सर्वांत उंच, सर्वांत लांब, पहिली महिला, पहिला पुरुष आणि शेवटी देशांच्या राजधान्यांची भली मोठी यादी. ही यादी पाठ करायचा मुलांना भारी कंटाळा. मला मात्र ती फार आवडते, कारण त्यातल्या प्रत्येक नावाला आपण "तूच का?" असं विचारू शकतो.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती? वर्गात विचारलं की निम्मे हात "सिडनी, सिडनी" करत वर येतात. उत्तर आहे कॅनबेरा. पण एवढं मोठं सिडनी सोडून हे कॅनबेरा आलं कुठून? त्याचं असं झालं, १९०१ मध्ये तिथल्या सहा वसाहती एकत्र आल्या आणि एक देश झाला. राजधानी आपल्याकडेच हवी म्हणून सिडनी आणि मेलबर्न ही दोन शहरं हट्टाला पेटली. शेवटी राज्यघटनेतच लिहून टाकलं, की राजधानी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात असेल, पण सिडनीपासून निदान शंभर मैल लांब! आणि ती बांधून होईपर्यंत संसद बसेल मेलबर्नमध्ये. दोघांचीही समजूत निघाली. खेळण्यावरून भांडणाऱ्या दोन भावंडांना आई कसं गप्प करते, तसंच की नाही? नवं शहर आखण्यासाठी स्पर्धा ठेवली. १९१२ मध्ये ती जिंकली वॉल्टर बर्ली ग्रिफिन या अमेरिकन वास्तुविशारदाने. त्याच्या आराखड्याची सुंदर चित्रं त्याच्या बायकोने, मॅरियन महोनीने, काढली होती. १९२७ मध्ये संसद कॅनबेराला गेली. शहराच्या मधोमध जो मोठा तलाव आहे, त्याला आज ग्रिफिनचं नाव आहे.

आणि हा ग्रिफिन पुढे कुठे गेला असेल? आपल्या लखनौला! १९३५ मध्ये तो कामानिमित्त भारतात आला, इथे इमारतींचे आराखडे करत राहिला आणि १९३७ मध्ये लखनौलाच वारला. त्याची कबरही तिथेच आहे. आता तुम्ही कॅनबेरा विसरून दाखवा!

ब्राझीलने १९६० मध्ये समुद्रकाठचं रिओ दी जानेरो सोडून देशाच्या मधल्या ओसाड पठारावर ब्राझीलिया नावाचं कोरं करकरीत शहर वसवलं. सगळी वस्ती किनाऱ्यालाच चिकटलेली होती, ती आत यावी म्हणून. नायजेरियाने १९९१ मध्ये लागोसहून अबुजाला मुक्काम हलवला. इंडोनेशियाचं जाकार्ता गर्दीने कोंडलं आहे आणि त्याचे काही भाग खचत आहेत. म्हणून २०२२ मध्ये तिथे कायदा झाला आणि बोर्निओ बेटावर नुसांतारा नावाची नवी राजधानी उभी करायला घेतली.

कझाकस्तानची तर तऱ्हाच न्यारी. १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून अकमोला या गावी गेली. दुसऱ्याच वर्षी गावाचं नाव झालं अस्ताना. आणि कझाक भाषेत अस्ताना म्हणजे काय, तर राजधानी! २०१९ मध्ये त्याचं झालं नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. म्हणजे २०२० मध्ये छापलेलं जी.के.चं पुस्तक मोठ्या भावाकडून तुमच्याकडे आलं असेल, तर त्यातलं उत्तर आज चूक आहे. म्हणून पुस्तक उघडलं की आधी आतल्या पानावर छापल्याचं साल बघायचं. औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो ना, अगदी तसं.

राजधान्या काय परदेशातच हलतात होय? आपल्या स्वराज्याचंच बघा. रायगडाच्या आधी राजधानी होती राजगडावर. रायगडाचा माथा ऐसपैस, चहूबाजूंनी तुटलेले कडे, आणि समुद्रही त्या मानाने जवळ. तिथे १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजाराम महाराज शत्रूला चुकवत थेट दक्षिणेला, आजच्या तमिळनाडूतल्या जिंजी किल्ल्यावर पोहोचले. काही वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला. जिंजी गेल्यावर राजधानी झाली सातारा. राजगड, रायगड, जिंजी, सातारा ही चार नावं नुसती पाठ करायला अर्धं मिनिट पुरे. पण नकाशावर या चार ठिकाणी बोट ठेवून बघा. एवढ्या लांब का जावं लागलं असेल?

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला. ही बातमी ऐकून "तमिळनाडूत मराठ्यांचा किल्ला कसा?" असं कितीतरी मोठी माणसं विचारत होती. तुम्हाला आता विचारावं लागणार नाही.

पण काही प्रश्नच असे असतात, की त्यांना एका शब्दाचं उत्तर पुरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा एक मुलगा प्रश्नमंजूषेला गेला होता. प्रश्न आला, "दक्षिण आफ्रिकेची राजधानी?" तो म्हणाला, केपटाउन. परीक्षकांच्या कागदावर होतं प्रिटोरिया. गुण गेला, आणि पोरगं परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसलं. खरं काय आहे? दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या आहेत. सरकार चालतं प्रिटोरियात, संसद बसते केपटाउनला आणि वरचं अपिलाचं न्यायालय आहे ब्लूमफाँटेनला. १९१० मध्ये चार वसाहतींचा मिळून तो देश झाला, तेव्हा त्यांनीही अशी वाटणी करून भांडण मिटवलं. नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम, पण सरकार बसतं हेगमध्ये. प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या नाउरू देशाला तर अधिकृत राजधानीच नाही! तेव्हा प्रश्न काढणाऱ्या मोठ्यांनो, जरा जपून.

आता थोडं 'ठाऊक आहे का?' छापाच्या माहितीबद्दल. ती चटकदार असते, भेळेसारखी. म्हणूनच जास्त पारखून घ्यावी लागते. "चीनची भिंत चंद्रावरून दिसते," हे तुम्ही वाचलं असेल. मीही शाळेत असताना वाचलं होतं. पण ती भिंत लांब असली तरी रुंदीला मोजकी काही मीटर, आणि रंगाने भोवतालच्या डोंगरासारखीच. चंद्र आहे पावणेचार लाख किलोमीटरहून लांब. मग दिसेल कशी? २००३ मध्ये यांग लिवेई हा चीनचा पहिला अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरून आला. तो तर चंद्राच्या मानाने अगदी जवळ होता. त्यानेही सांगितलं, भिंत काही दिसली नाही.

"भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी." हेही कितीतरी पुस्तकांत आहे. २०१२ मध्ये कुणीतरी माहितीच्या अधिकारात सरकारलाच विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं, की आम्ही कुठल्याच खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. एव्हरेस्टची उंची आम्ही ८,८४८ मीटर शिकलो, २०२० मध्ये नव्याने मोजून ८,८४८.८६ जाहीर झाली. आणि बिचारा प्लुटो! २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी 'ग्रह' शब्दाची व्याख्या नीट ठरवली आणि त्याला बाहेर बसवलं. तो जागचा हलला नाही बरं का, आपली यादी बदलली.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आई-वडील ऊसतोडणीला जात, आणि दिवाळीनंतर तीही त्यांच्याबरोबर जायची. एकदा मी जी.के.ची वीस गुणांची चाचणी घेतली. तिला तीन पडले. मागच्या बाकावरून कुणीतरी "ढ" म्हणालं. मी तिला विचारलं, "बीडहून सांगलीला जाताना वाटेत काय काय लागतं गं?" तिने आधी जिल्हे सांगितले, धाराशिव, सोलापूर. मग नद्या सांगितल्या, सीना, भीमा, पुढे सांगलीला कृष्णा. कुठल्या नदीला कधी पाणी असतं तेही सांगितलं. एक टन उसाची साखर किती निघते, तर साधारण एक क्विंटल. बाकी चिपाड, मळी आणि पाणी. वर्गात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मग त्या चाचणीत यातला एकही प्रश्न का नव्हता? सामान्य म्हणजे सगळ्यांचं. मग त्यात तिच्या घरचंही काही यायला नको? तेव्हापासून आमच्या चाचणीतले पाच प्रश्न मुलं काढतात. सुताराचा मुलगा लाकडाचे विचारतो, बाजारात बसणाऱ्या मावशीची मुलगी भावाचे विचारते, आणि पुष्कळदा हुशार मंडळींची दांडी उडते.

पण म्हणून कॅनबेरा तिला नको असं नाही हं. "गरिबाच्या पोरांना काय करायचंय ऑस्ट्रेलियाचं?" असं म्हणणारे लोक भेटतात, त्यांचं मला मुळीच पटत नाही. जग तिचंही आहे. ग्रिफिनची गोष्ट सांगितली तेव्हा "मग तो परत घरी गेलाच नाही का?" असं सगळ्यांत आधी तिनेच विचारलं होतं.

आई-बाबांनाही दोन शब्द. पाहुणे आले की "बाळा, जपानची राजधानी सांग, फ्रान्सची सांग" असं मुलांना पोपटासारखं बोलायला लावू नका. पाहुण्यांना चहा हवा असतो, टोकियो नको असतं. त्याऐवजी भिंतीवर एक महाराष्ट्राचा, एक भारताचा आणि एक जगाचा नकाशा लावा. बातम्यांत गावाचं नाव आलं की मुलाला ते नकाशावर शोधू द्या. त्याने काही सांगितलं तर "कशावरून?" एवढंच विचारा, पण रागावून नव्हे. उत्तर तुम्हाला येत नसेल तर दोघं मिळून शोधा.

आणि मुलांनो, पाठांतराला नाक मुरडू नका. स्कॉलरशिपच्या पेपरात गोष्ट सांगायला वेळ नसतो, तिथे उत्तर झटकन आठवावं लागतं. पाढे पाठ करतो तशा वीस-पंचवीस राजधान्या खुशाल पाठ करा. फक्त एक वही घाला. डाव्या बाजूला राजधानी लिहा, उजव्या बाजूला 'तीच का?' आणि खाली तुम्ही हे कधी लिहिलं ती तारीख. दर रविवारी एक पान. उजवी बाजू कोरी राहिली तरी चालेल, पुढे कधीतरी भरेल.

पहिलं पान मी सुचवते. महाराष्ट्राची राजधानी मुंबई, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. मग विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला का भरतं? एक खूण देते. १९५६ पर्यंत नागपूर ही स्वतःच एका मोठ्या राज्याची राजधानी होती. दुसरी खूण, १९५३ सालचा 'नागपूर करार'. शोधायला लागा. आणि ओळखीत कुणी नागपूरकर असतील तर आधी त्यांनाच विचारा. मात्र हाताशी भरपूर वेळ ठेवा, कारण ते उत्तर एका शब्दात देणार नाहीत!