संगणकाशी तह करताना

बुद्धिबळाच्या पटावर संगणकाशी फक्त लढता येते. तह, व्यापार, नजराणा, मध्यस्थी यांना तिथे जागा नाही. पण तुमची मुले-नातवंडे संगणकावर राज्य उभारण्याचे जे खेळ खेळतात, त्यांत या सगळ्याला जागा आहे आणि पुष्कळदा डावाचा निकाल तिथेच लागतो. या प्रकारातला अतिशय नावाजलेला खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर व ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली तयार केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. इ. स. पूर्व ४००० मध्ये एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि राज्य अवकाशयुगापर्यंत न्यायचे. शेजारची राज्ये संगणक चालवतो. त्या शेजाऱ्यांशी कसे वागावे, एवढाच आपला विषय.

पहिली गोष्ट ही की, या शेजाऱ्याला मन नाही, खतावणी आहे. २००५ सालच्या चौथ्या आवृत्तीत ती बऱ्याच अंशी उघडी पाहता येते. दोघांचा धर्म एक असेल तर जमा. सीमा एकमेकांना खुल्या ठेवल्या, बराच काळ व्यापार केला तर जमा. मागितलेली मदत नाकारली तर नावे. त्याच्या वैऱ्याशी व्यवहार केला तर नावे. आणि नुसत्या सीमा एकमेकींना भिडल्या, तरी नावे! तिथे तुमचा काही अपराध असावा लागत नाही. सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना ही नोंद समजावून सांगायला नको. या साऱ्याची बेरीज होऊन शेजारी पाचांपैकी एका पायरीवर बसतो : संतप्त, नाराज, सावध, प्रसन्न किंवा मित्र. पुष्कळ राजे ‘प्रसन्न’ झाले की तुमच्यावर स्वारीचा बेत आखत नाहीत. काही मात्र त्या पायरीवरही आखतात.

यातून व्यवहाराचे दोन नियम निघतात. जमेच्या छोट्या नोंदी लवकर सुरू कराव्यात, कारण त्यांतल्या काही काळ जाईल तशा वाढतात. आणि सगळ्यांशी मैत्री करण्याचा हट्ट धरू नये. दोन हाडवैरी शेजारी असतील तर एकाशी केलेला सौदा दुसऱ्याच्या वहीत नावे पडतो. अशा वेळी जवळचा आणि बलवान कोण हे पाहून बाजू ठरवावी आणि ती टिकवावी. दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्याचे दोन्ही खात्यांत नुकसान होते.

दुसरी गोष्ट स्वभावाची. एकाच तक्रारीचे दोन रोगी आले तरी होमिओपॅथीचा डॉक्टर दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारतो. २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीतही तसेच करावे लागते. तिथे प्रत्येक राजाला एक जाहीर आवड-नावड असते आणि एक झाकलेली. चीनचा सम्राट किन शी हुआंग याला दुसऱ्यांनी जगातली आश्चर्ये बांधलेली खपत नाहीत. इजिप्तची क्लिओपात्रा बलवान सैन्य असणाऱ्याकडे झुकते, दुबळ्याला हिणवते. म्हणजे जे वागणे एकाला औषध, तेच दुसऱ्याला कुपथ्य. म्हणून ओळख होताच शिष्टमंडळ पाठवावे. त्याला २५ सुवर्णनाणी पडतात. स्वभाव कळण्यापूर्वी मोठी देवघेव मात्र करू नये.

तिसरी गोष्ट, सैन्याची मोजदाद तोही करतो. खतावणी कितीही चांगली असली तरी रिकामा किल्ला आमंत्रणच ठरतो. चौथ्या आवृत्तीत एक खूण जाणते खेळाडू कधी चुकवत नाहीत. एखाद्या राजाला ‘अमक्याविरुद्ध युद्धात उतरशील का?’ असे विचारता येते. ‘सध्या आमच्या हातात पुरेसे काम आहे,’ असे उत्तर आले आणि तो कोणाशीच लढत नसेल, तर तो कुठल्या तरी स्वारीच्या तयारीत आहे असे समजावे. ती स्वारी तुमच्यावरच असेल असे नाही, पण तटबंदी त्याच दिवशी पाहून घ्यावी.

या खेळाबद्दल एक दंतकथा फार पसरली आहे. पहिल्या आवृत्तीत गणिताच्या चुकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे, अशी ती कथा. सिड मायर यांनी २०२० सालच्या आत्मकथनात अशी चूक नव्हतीच असे स्पष्ट केले. पुढे २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधीजींच्या पात्राचा अण्वस्त्रांकडे ओढा गमतीने मुद्दाम वाढवला गेला. मुलांनी पडद्यावरच्या राजाला इतिहासातला माणूस समजू नये, हे सांगायला एवढे उदाहरण पुरे.

मग यातून काही शिकण्यासारखे आहे का? आहे. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या सुमारास संगणकीय कार्यक्रमांची आपसांत स्पर्धा लावली. प्रत्येक फेरीत सहकार्य करायचे की दगा द्यायचा, एवढेच ठरवायचे होते. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा अगदी छोटा कार्यक्रम. तो आधी सहकार्य करी आणि पुढे समोरचा वागेल तसे वागे. आपण होऊन दगा द्यायचा नाही, दगा खपवून घ्यायचा नाही आणि समोरचा सुधारला की राग धरायचा नाही, ही वागणूक यंत्रांच्या मेळ्यातही टिकली.

पण धोकाही ओळखा. २०२२ साली मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ हा कार्यक्रम पुढे आणला. तो ‘डिप्लोमसी’ या १९५९ सालच्या सात राष्ट्रांच्या खेळात माणसांशी लेखी संवाद साधून युती जुळवू शकला आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत वरच्या दहा टक्क्यांत आला. जुन्या प्रतिस्पर्ध्याची वही उघडी होती. हा तर आपल्यासारखे बोलतो. गोड बोलणे ही मैत्रीची खूण नव्हे, हे आता मुलांना खेळाबाहेरही लागणार आहे. खतावणीची सवय मात्र घरात आणू नका. आजीने न सांगता वाढलेली भाकरी जमा धरायची नसते. नातू खेळायला बसला की त्याला विचारा, ‘तुझा शेजारी तुझ्यावर का रुसलाय?’ तो कारणे मोजून सांगेल. मग विचारा, ‘आणि शेजारच्या घरातला मित्र?’ त्या उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.